उंबरमाळची शेवटची काच

आज मंगरूळपीरच्या बाजारात मोह आला. सुकवलेला नव्हे; ताजा, पिवळसर, पाणीदार. डोंगराकडची एक बाई रस्त्याच्या कडेला टोपलं मांडून बसली होती आणि टोपल्याभोवती मधमाश्या घोंगावत होत्या. मी निघाले होते वांगी आणि सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर, घ्यायला. थांबले, एक फूल उचललं आणि दाताखाली धरलं. आधी गोड, मग गोडामागून येणारा तो जडसर, डोक्यात चढणारा वास. बाई म्हणाली, "घ्या ना बाई, आजचाच हाय." मी शेरभर घेतला. वांगी राहूनच गेली.

आमच्याकडचा फाल्गुन मला फार आवडतो. कापूस कधीचाच घरी गेलेला असतो, शेतात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. गहू वाळून खडखडू लागतो. हरभऱ्याच्या खळ्यावरून येणारा वारा अंगाला खाज सुटेल असा भुसा आणतो, तरी खिडकी लावावीशी वाटत नाही. दुपारी ऊन चावतं आणि पहाटे मात्र गोधडी पायांवरून सरकली तर माणूस जागं होतं. आणि पळस! पानं नाहीत, सावली नाही, नुसता रंग. लोकांना रंगपंचमी आठवते. मला फाल्गुन म्हटलं की उंबरमाळ आठवतं. बंगल्याच्या कौलांवर नाचणारी माकडं, कोयनेलचा कडू वास, आणि पहाटेच्या थंडीत हातात धरलेली पितळी टोपी, जी कॅमेऱ्याच्या भिंगावर बसते.

मी कोण ते सांगायला हवं. माझे घरवाले, युसुफ, मंगरुळात फोटोचं दुकान चालवतात. लिहिताना नाव लिहिते आहे, तोंडाने कधी त्या नावाने हाक मारली नाही. दुकान त्यांच्या वडिलांनी घातलं. घरात आमची बोली अर्धी उर्दू, अर्धी वऱ्हाडी. पण मी शिकले मराठी शाळेत, म्हणून लिहायला बसलं की हात मराठीतच वळतो. लग्न होऊन आले तेव्हा सतरा वर्षांची होते. पहिल्याच महिन्यात युसुफनी मला मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं, लाल कंदील लावला आणि औषधाच्या ताटलीत बुडवलेल्या काचेवर एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या मिशा हळूहळू उमटताना दाखवल्या. त्या दिवसापासून ती खोली माझी झाली. काचा चौकटीत भरणं, धुणं, वाळवणं, पेन्सिलीच्या टोकाने काचेवरचे डाग लपवणं, सगळं मी करत असे. पुढच्या खोलीत, जिथे पडदा आणि खुर्ची होती आणि तीन पायांवर तो सागवानी कॅमेरा उभा होता, तिथे माझं काम नव्हतं. सासऱ्यांच्या काळापासूनचा नियम होता की कॅमेऱ्याला घरातल्या पुरुषांनीच हात लावायचा. कुणी बोलून दाखवला नव्हता, पण घरातल्या चुलीची जागा जशी ठरलेली असते, तसा तो ठरलेला होता.

मला त्याचं वाईट वाटत होतं का? खरं सांगते, सहा वर्षं वाटलं नाही. मी एकही फोटो काढला नव्हता, पण चुकलेले फोटो माझ्याइतके मंगरुळात कुणी पाहिले नव्हते. कुठे उजेड कमी पडला, कुठे माणूस हलला, कुठे भिंगाची टोपी काढल्यावरची मोजणी लांबली, हे मी ओल्या काचेवरून सांगत असे आणि युसुफ मान हलवत. आमच्या संसारातलं पुष्कळसं बोलणं त्या लाल उजेडातच झालं.

लग्नाला सहा वर्षं झाली, त्या वर्षी माघात युसुफना एका शिकारी पार्टीने बोलावलं. बिबट्या मारला होता. मेलेल्या जनावराशेजारी बूट टेकून उभं राहायचं आणि फोटो घ्यायचा, ही तेव्हाची रीत. बिबट्याचे डोळे मिटत होते. शिकाऱ्याने सांगितलं, पापण्यांना बाभळीचे काटे लावा, म्हणजे जिवंत दिसेल. युसुफनी लावले. घरी आले आणि ताट सारून बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"मेलेल्याले जितं दाखवासाठी काटे लावले म्या," ते म्हणाले. "एक डाव खरोखरच्या जित्या जनावराचा काढतो. नाई तं हे काम करासाठी मले नोको बोलवू म्हनाव."

पुढच्याच आठवड्यात जंगलखात्यातले एक साहेब स्वतःचा फोटो काढायला दुकानात आले. बोलता बोलता त्यांना हे कळलं. ते म्हणाले, उंबरमाळला खात्याचा बंगला रिकामा आहे, चार दिवस जा, फाल्गुनात मोह गळतो, त्याखाली जनावरं येतात. चांगला निघाला तर अकोल्याच्या प्रदर्शनात लावू.

सासूबाई म्हणाल्या, "बायकोले घेऊन जंगलात कोन जाते?"

"अन् काचा कोन बदलन, अम्मा?" युसुफ म्हणाले. आमच्याकडे काचा ठेवायच्या चौकटी दोनच होत्या, म्हणजे चार काचा बसणार. बाकीच्या अंधारात बदलून द्यायला माणूस हवं होतं. मी गेले ती अशी, कामाला. पण पेटीत कपडे भरताना मी नवी हिरवी ओढणी तळाशी घातली. लग्नानंतर आम्ही दोघं कुठेही गेलो नव्हतो.

मुंबईहून येणारा काचांचा खोका त्या महिन्यात आला नाही. घरात सहा काचा होत्या. सहा तर सहा, म्हणून निघालो. शेलूबाजारपर्यंत मोटारीने, पुढे दमणीतून. दोन बैलांची ती हलकी गाडी दगडावरून उसळली की युसुफ कॅमेऱ्याच्या पेटीला दोन्ही हातांनी कवटाळत आणि मी काचांचं गाठोडं मांडीवर धरून बसे. गाडीवाला मागे वळून म्हणाला, "अंडे हायेत काय, बाई?" मी म्हणाले, "त्याहून नाजूक." पुढचा सगळा घाट त्याने बैलांना लाडाने हाकलं.

उंबरमाळ म्हणजे डोंगराच्या पाठीवरची चाळीसेक घरं, एक मारुती, एक विहीर आणि गावापासून थोडा दूर तो बंगला. जुन्या काळी उन्हाळ्यात वाशीमचे वकील हवा खायला यायचे म्हणे. आता कुणी येत नव्हतं. व्हरांड्यात उभं राहिलं की खाली आपलाच मुलूख दिसायचा, पण आपल्याला ओळखू येऊ नये असा: वावरांचे तुकडे, मधे पळसाचे लाल ठिपके, आसेगावाकडे कुठे धुराची एक बारीक रेघ. आवाज म्हणजे वाऱ्याचा आणि मोरांचा. मंगरुळात सकाळी उठलं की कानात आधी माणसं शिरतात. तिथे पहिल्या सकाळी मला इतकं शांत वाटलं की मी स्वतःच भांडं आपटून पाहिलं. बुरखा मी आल्या आल्या खुंटीला टांगला होता. तिथे तो कुणासाठी घालायचा? माकडांसाठी?

बंगल्यावर पाणी भरायला सारजा यायची. चाळिशीची असेल. उंच, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर दोन घागरी असल्या तरी मान हलायची नाही. नवरा वारला होता, लेक सासरी गेली होती. पहाटे मोह वेचायचा आणि मग पाणी भरायचं, हा फाल्गुनातला तिचा दिवस. आमच्या वऱ्हाडात बायकाही 'मी जातो, मी येतो' म्हणतात. सारजा ते अशा ठसक्यात म्हणायची की वाटावं, ती गेली की डोंगरही तिच्यामागे जाईल.

तिने कॅमेरा पाहिला आणि विचारलं, "हे बंदूक होय काय?"

"नाही," मी सांगितलं. "हे जनावराला काही करत नाही. त्याचं चित्र काढतं."

"मंग बरं हाय," ती म्हणाली. "येतो मी दाखवाले. बंदूक असती तं नसतो आलो."

तिनेच नाल्याकाठचे दोन मोह दाखवले. शेजारी शेजारी उभे, मधे वीसेक पावलांचं अंतर. एक तिचा, म्हणजे ती त्याखाली वेचायची. दुसऱ्याखालचा ती जनावरांसाठी सोडत असे. युसुफनी आणि तिने मिळून त्या दुसऱ्या झाडासमोर पळसाच्या फांद्यांचा आडोसा उभा केला आणि आत तिपाई रोवली.

पण जनावरं दुकानातल्या गिऱ्हाइकासारखी खुर्चीवर बसत नाहीत. पहिल्या संध्याकाळी नाल्यावर चितळं आली. टोपी काढेपर्यंत निघून गेली, काच मात्र वाया गेली. दुसऱ्या पहाटे रोही आला, घोड्याएवढा, निळसर. युसुफनी मोजायला सुरुवात केली आणि रोह्याने मान झटकली. एक काच एका मोरावर गेली, तो मोजणी संपेपर्यंत वळला. एक भेकरावर. एक तर नुसत्या सावलीवर, जी नंतर दगड निघाली. धुतल्याशिवाय काच दिसत नाही, पण युसुफना कळत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गोधडीखाली अंधार करून काचा बदलल्या आणि बाहेर येऊन म्हणाले, "पाच झाल्या. एकच कोरी आहे."

"उद्या," ते म्हणाले. आणि संध्याकाळी त्यांना थंडी वाजून आली.

हिवताप आमच्या मुलखाला नवा नाही. कोयनेल बरोबर होतंच. पण आजूबाजूला कुणी नसलेल्या त्या बंगल्यात त्यांचे दात वाजत होते आणि अंगावर दोन गोधड्या घालूनही ते आखडून जात होते, तेव्हा मला पहिल्यांदा उंबरमाळ फार लांब वाटलं. घाम येऊन पहाटेकडे ते झोपले. कपाळ गार लागलं. मी व्हरांड्यात आले. पूर्वेला नुसती राखाडी रेघ होती. पायऱ्यांशी सारजा टोपलं घेऊन उभी होती.

"सायेब?" तिने विचारलं.

"ताप आहे. आत्ता कुठे झोपलेत."

"मंग आज राह्यलं," ती म्हणाली आणि वळली.

मी काय विचार केला हे आज नीट सांगता येत नाही. एवढंच आठवतं की मी आत गेले, शेवटची काच असलेली चौकट उचलली, हिरवी ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळली आणि बाहेर येऊन म्हणाले, "थांब सारजा. मी येतो."

त्यांना उठवून विचारता आलं असतं. ते नाही म्हणतील म्हणून उठवलं नाही, असं नाही. ते हो म्हणाले असते तरी तो होकार त्यांचा झाला असता. मला ते नको होतं.

आडोशात कॅमेरा तिपाईवर तसाच होता, वर मेणकापड. मी ते काढलं आणि काळ्या कापडाखाली डोकं घातलं. सहा वर्षांत मी कधीच तिथून पाहिलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर सगळं जग उलटं: मोहाचं खोड वरून खाली लटकलेलं, गळलेली फुलं आभाळात सांडलेली. पण मला उलट्याची भीती नव्हती. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं वाचण्यात माझी वर्षं गेली होती. खोडाच्या सालीच्या भेगा स्पष्ट दिसेपर्यंत मी कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता पुढेमागे केला, कळ घट्ट आवळली, चौकट सरकवून बसवली. मग भिंगाच्या टोपीवर बोटं ठेवून उभी राहिले. मोहाची फुलं पडताना ऐकू येतात, हे मला तेव्हा कळलं. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप, टप.

सारजा तिच्या झाडाखाली वाकून वेचत होती. उजेड वाढत होता. डोंगराच्या कडेला ऊन लागलं आणि खाली उतरू लागलं.

नाल्यातून आवाज आला तेव्हा मला वाटलं कुणाचं तरी ढोर चुकलं असेल. वाळक्या पाल्यात जड पाय. मग झुडपं हलली आणि अस्वल बाहेर आलं. अस्वलीण. काळीभोर, केस विस्कटलेले, छातीवर मळकट पांढरा पट्टा; आणि पाठीवर, त्या केसांत पंजे रोवून, दोन पिलं. एक पुढे, एक मागे, गाडीत बसल्यासारखी.

ती सरळ दुसऱ्या मोहाखाली आली आणि तोंड खाली घालून फुलं ओढू लागली. फुंकर मारायची, पाला उडवायचा आणि फूल आत खेचायचं. त्याचा आवाज लोहाराच्या भात्यासारखा. सारजा आता वाकलेली नव्हती. ती उभी होती, टोपलं कमरेला, अगदी स्थिर. अस्वल आणि तिच्यामध्ये वीस पावलं होती. डोंगरातली माणसं वाघाला इतकी भीत नाहीत. अस्वल चवताळलं तर तोंडच ओरबाडतं, आणि पिलांची आई असेल तर कारणही लागत नाही. सारजा पळाली असती तर ते तिच्यामागे गेलं असतं. ओरडली असती तरी. सारजाने मान न वळवता फक्त डोळे माझ्याकडे फिरवले. त्या नजरेचा अर्थ मला आजही ठाऊक आहे. ती म्हणत होती, हलू नको.

चौकटीचा पडदा मी उचलला. ऊन अजून खाली पोचलं नव्हतं, नुसता उजेड होता. अर्ध्या मोजणीत काही येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. दोन मोजले तर अस्वल हलेल. मी वाट पाहिली. अस्वलाने तोंड वर केलं, हवा हुंगली आणि क्षणभर थांबलं. मी टोपी काढली. एक. आणि अर्धा. टोपी लावली.

तेवढ्या आवाजाने ते मागच्या पायांवर उभं राहिलं. पिलं केसांना लोंबकळली. मला वाटलं, आता संपलं. तेव्हा सारजा बोलली. मोठ्याने नव्हे, शेजारणीशी कुंपणावरून बोलावं तशी.

"जाय मा, जाय. तुह्यं तू खाल्लं, मह्यं मी वेचलं. तुह्यासंग लेकरं हायेत. कोनी तुले काई करून नाई राह्यलं. जाय."

अस्वलीण तशीच उभी राहिली. किती वेळ, ते मी मोजलं नाही. तो एकच वेळ जो मी मोजला नाही. मग चारी पायांवर आली, पाठ वळवली आणि दोन्ही पिलांसकट नाल्यात उतरून गेली.

सारजा खाली बसली. मीही. आम्ही दोघी आपापल्या जागी बसून राहिलो. मग ती हसायला लागली आणि मीही लागले, आणि हसता हसता मला कळलं की मी रडते आहे.

"निंगालं काय चितर?" तिने डोळे पुसत विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "घरी गेल्यावर कळेल."

युसुफना मी काही सांगितलं नाही. दिवसभर ते पडून होते. पाचव्या दिवशी निघालो. घाट उतरून गाडी सपाटीला लागली, तेव्हा त्यांनी पेटी उघडली. त्यांना ती शेवटची काच घराच्या वाटेवर एखाद्या पळसावर तरी काढायची होती. चौकट हातात घेऊन त्यांनी ती उलटसुलट पाहिली. पडदा उलटा बसवलेला होता; वापरलेल्या काचेची ती आमची खूण.

"हे मी नाई वापरली," ते म्हणाले.

"मी वापरली," मी म्हणाले. "काल पहाटे. तुम्ही झोपले होते."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे पाहत राहिले. रागावतील, तर रागावू देत, असं ठरवून बसले होते. एक वावर गेलं, दुसरं गेलं.

"किती मोजलं?" त्यांनी विचारलं.

"दीड."

"ऊन होतं?"

"झाडाखाली नव्हतं. डोंगरावर होतं."

"मंग दोन पायजे होते."

"दोनले हललं असतं."

"काय हललं असतं?"

मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. गाडीवाल्यासमोर! आणि शेलूबाजार येईपर्यंत सोडला नाही. त्यांचा हात तापाने अजून कोमट होता. "भेली नाई तू?" एवढंच त्यांनी एकदा विचारलं. मी म्हणाले, "भेलो. पण हात नाई भेला."

घरी आल्यावर हातपाय धुवून आम्ही थेट अंधाऱ्या खोलीत गेलो. त्यांच्या पाच काचा आधी धुतल्या, कारण मला शेवटच्या काचेची घाई नको होती. पाचही तशाच निघाल्या जशा निघणार होत्या: धूर, धूर, अर्धा मोर, धूर, दगड. मग सहावी. औषधात आधी आभाळ आलं, मग खोड. मग एक पांढरा गोळा, म्हणजे काळं अस्वल. तोंड थोडं पुसटलेलं होतं, कारण त्याने हवा हुंगताना नाक हलवलं होतं. पण पाठीवरची पिलं हलली नव्हती. त्यांचे चार कान मोजता येत होते. आणि काचेच्या कडेला, मी कापडाखालून पाहिलं तेव्हा जिथे कुणी नव्हतं तिथे, सारजा. ती वाकलेली असताना चौकटीबाहेर होती. उभी राहताना एक पाऊल पुढे सरली असावी. कमरेला टोपलं, मान सरळ, अंगठ्याच्या पेराएवढी.

युसुफ काच लाल कंदिलासमोर धरून बराच वेळ पाहत राहिले. आमच्याकडे चांगल्या फोटोला चांगला म्हणण्याची रीत नव्हती. दोष दिसला नाही तर गप्प राहायचं. ते गप्प राहिले.

खात्याचे साहेब आले आणि खूश झाले. प्रदर्शनाचा कागद काढून त्यांनी युसुफचं नाव लिहायला घेतलं.

"हा मह्या बायकोनं काढला, सायेब," युसुफ म्हणाले.

साहेब हसले. "तुम्ही तयार करून दिलं असेल, त्यांनी टोपी काढली असेल. नाव तुमचंच टाकू. बाईचं नाव टाकलं तर कुणाला खरं वाटणार नाही."

मी पडद्यामागे होते. तिथूनच म्हणाले, "खरं वाटायला काय हवंय? मी सांगते सगळं. झाड कुठलं, उजेड किती, मोजलं किती."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं आणि मग युसुफकडे. युसुफ शांतपणे म्हणाले, "मी तवा तापात पडलो होतो. झोपेतल्या मानसानं फोटो काढला, असं लेहता काय?"

तो फोटो अकोल्याला गेला नाही. मला त्याची खंत वाटली नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. आठ दिवस वाटली. मग युसुफनी तो मोठा करून दुकानाच्या समोरच्या काचेत लावला आणि खाली मराठीत आणि उर्दूत, दोन्ही लिपींत, माझं नाव लिहिलं. सासूबाई दुकानापर्यंत चालत आल्या, पाहिलं, आणि घरी येऊन फक्त म्हणाल्या, "अस्वलाले काहून हलू नको म्हनलं नाई?" पहिल्यांदाच त्या माझ्याशी कामाविषयी बोलल्या.

बाजारादिवशी लोक दुकानासमोर थांबू लागले. नंतर एका दुपारी तीन बायका आल्या, दोन बुरख्यातल्या आणि एक नऊवारीतली. कासाराच्या घरची, मला वाटतं. तिने विचारलं, "अस्वलाचा फोटो काढनारी बाई तूच काय? मंग आमचा बी काढ. मानसासमोर बसाले आमाले लाज वाटते." त्यानंतर आठवड्यातल्या दोन दुपारी पुढची खोली माझी झाली. विलायतेतल्या लढाईच्या वर्षांत काचा मिळेनाशा झाल्या तेव्हाही त्या दोन दुपारी आम्ही बंद केल्या नाहीत. बायका थांबत, यादीत नाव घालत, पुढच्या खोक्याची वाट पाहत.

पुढच्या फाल्गुनात मी उंबरमाळला पुन्हा गेले. या वेळी कॅमेरा माझा होता आणि युसुफ बरोबर होते, कोयनेलसकट. पण आधी मी सारजाकडे गेले. ती अंगणात मोह वाळत घालत होती. अंगणभर पिवळा सडा, त्यावर दगड ठेवलेले, वारा उडवू नये म्हणून. मी पिशवीतून फोटो काढला आणि तिच्या हातात दिला.

तिने हात लुगड्याला पुसले. फोटो आधी उलटा धरला, मग सुलटा. उन्हात नेला. बाई स्वतःचा पहिला फोटो पाहत असताना आपण मधे बोलायचं नसतं, हे तोवर मी शिकले होते.

"हिले वळखलं म्या," ती म्हणाली आणि अस्वलावर बोट ठेवलं. "थेच हाय. लेकरंवाली." मग बोट कडेला सरकलं आणि थांबलं. "अन् हे बाई कोन?"

"तू आहेस, सारजा."

तिने माझ्याकडे पाहिलं, मी थट्टा करते आहे की काय म्हणून. मग पुन्हा फोटोकडे. तिच्या घरात आरसा नव्हता. पाणी भरताना विहिरीत दिसतं तेवढंच तिने स्वतःला पाहिलं होतं, तेही वाकून. ती फोटो डोळ्यांजवळ नेत राहिली, लांब धरत राहिली. अंगणातला वारा मोहावरून फिरत होता. मग तिने पदर नीट केला, खांदे मागे घेतले आणि हळूच, जणू मी ऐकू नये, म्हणाली,

"एवढी ताठ उभी राह्यतो मी?"